पोटखराब्यातलं जग

मार्गशीर्षातल्या एका दुपारी माळावरून परत आलो आणि पायरीवर मोजे काढायला बसलो. मोजे कसले, साळिंदराची दोन पिल्लंच पायाला चिकटली होती. कुसळं एकेक करून उपसण्याला पर्याय नसतो. झटकून जात नाहीत, धुऊन निघत नाहीत, आणि ओढताना चुकून उलटी धरली तर आणखी आत शिरतात. वैतागून दहा-बारा काढली आणि मग एक नीट उजेडात धरून पाहिलं.

पुढे सुईसारखं टोक. टोकाच्या मागे तांबूस, राठ लव, सगळी मागच्या बाजूला वळलेली; म्हणून आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही. त्यामागे बोटभर लांबीची काळपट शेपटी, दोरीसारखी पीळ घातलेली आणि मध्येच गुडघ्यात मोडावी तशी वाकलेली. बशीत थोडं पाणी घेऊन पिळाचा भाग त्यात बुडवला. पाच-दहा क्षण काहीच झालं नाही. मग शेपटीचं वाकलेलं टोक हळूच सरकलं, आणि सरकतच राहिलं. बशीत कुणी किल्ली फिरवावी तसा पीळ सुटत होता. गवताचं एक मेलेलं, वाळलेलं शेपूट माझ्यासमोर गरगर फिरत होतं. पाण्यातून काढून उन्हात ठेवलं, तर थोड्या वेळानं पुन्हा पीळ भरायला लागला.

शेपटीतल्या पेशींच्या भिंतींमधले तंतू मळसूत्रासारखे तिरपे गुंडाळलेले असतात. ओल लागली की त्या फुगतात आणि पीळ सुटतो. वाळल्या की आक्रसतात आणि पीळ बसतो. माळावर पडलेलं कुसळ रात्रीच्या दवानं एकदा फिरतं, दुपारच्या उन्हानं पुन्हा फिरतं. वाकडी शेपटी आजूबाजूच्या काड्यांत अडकलेली असते, त्यामुळे फिरतं ते टोक, आणि ते गिरमिटासारखं मातीत उतरत जातं. बी आत गेलं की उलटी लव त्याला वर येऊ देत नाही. उन्हाळ्यात माळावरून वणवा गेला तरी मातीत चार बोटं खाली धग पोचत नाही. बी सुखरूप.

आपण डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ यापलीकडे या वस्तूची कधी दखल घेतलेली नाही. शास्त्रज्ञ या गवताला हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस म्हणतात. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळवटलेलं. आफ्रिकेत ते आहे, ऑस्ट्रेलियात आहे. हवाई बेटांवर त्याला ‘पिली’ म्हणतात आणि पूर्वी त्यानं घरं शाकारत. जगभर हे गवत जिथे सापडतं तिथली हवा, माती आणि आग यांची एक ठरावीक संगत असते. अशा संगतीला इंग्रजीत बायोम म्हणतात, मराठीत जीवसंहती असा भारदस्त शब्द आहे. शाळेत आपण त्यालाच ‘नैसर्गिक प्रदेश’ म्हणून घोकलं: टुंड्रा, तैगा, भूमध्य सागरी, मौसमी. त्यात एक सुदान प्रदेशही होता. सॅव्हाना गवत, जिराफ, झेब्रा, मसाई लोक. परीक्षेत हमखास चार गुण. भारत मौसमी प्रदेशाच्या चौकटीत बसलेला असल्यामुळे सुदान प्रदेश आपल्या एसटी स्टँडच्या मागेही असू शकेल, असं कधी मनातच आलं नाही.

एकदा महाबळेश्वराहून दहिवडीपर्यंत एसटीनं जाऊन बघा. वर साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, शेवाळानं मढलेली बुटकी झाडं, जांभूळ, अंजन, दिवसासुद्धा अंधार. पाचगणी उतरून वाईत येईपर्यंत झाडं विरळ होतात. साताऱ्यावरून पुसेगाव गाठेपर्यंत डोंगर उघडे पडतात. दहिवडीला उतरता तेव्हा आभाळ एकदम मोठं झालेलं असतं आणि वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आलेला असतो. दीडशे किलोमीटरच्या आत तुम्ही दोन-तीन जीवसंहती ओलांडलेल्या असतात, आणि कंडक्टरनं त्याचे वेगळे पैसे घेतलेले नसतात.

पावसावरून आणि उष्णतेवरून कुठे काय उगवेल हे सांगता येतं, ही कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट १८०२ मध्ये चिंबोराझो पर्वतावर चढला आणि कोणत्या उंचीला कोणती वनस्पती, याचं पर्वताचा उभा छेद घेऊन एकच मोठं चित्र त्यानं काढलं. पुढे अमेरिकेतल्या रॉबर्ट व्हिटेकरनं तेच आलेखावर आणलं: एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला पाऊस, आणि मधे जगातले सगळे बायोम आपापल्या जागी. शाळेच्या भिंतीवर लावावा असा नेटका आलेख. पण त्याच आलेखात व्हिटेकरनं मधल्या मोठ्या भागाभोवती एक तुटक रेघ मारून ठेवली आहे. त्या रेघेच्या आत जंगल होईल, झुडपं होतील की गवत होईल, हे नुसत्या हवामानावरून सांगता येत नाही, असं तो प्रामाणिकपणे म्हणतो. मला तो सगळा आलेख त्या एका रेघेसाठी आवडतो. आपला माळ या रेघेच्या आसपासच कुठेतरी येतो.

मग ठरवतं कोण? महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली आफ्रिकेतल्या शेकडो ठिकाणच्या सॅव्हानांची माहिती एकत्र करून एक ठोकताळा मांडला. वर्षाला सुमारे साडेसहाशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर पाण्याअभावीच झाडं गर्दी करू शकत नाहीत. गवताला आपोआप जागा मिळते. त्याहून जास्त पाऊस असेल तर झाडं गवताला झाकून टाकू शकतात, आणि तिथे गवत टिकतं ते वणव्यामुळे आणि चरणाऱ्या जनावरांमुळे. दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम बाँड यांनी त्याच वर्षी संगणकावर असं जग उभं केलं, जिथे आग लागतच नाही. त्या जगात घनदाट जंगलांचं क्षेत्र जवळजवळ दुप्पट झालं. म्हणजे आज जगात जंगल होऊ शकेल अशा कितीतरी जमिनीवर आगीनं जंगल होऊ दिलेलं नाही, आणि माणूस काडेपेटी घेऊन येण्याच्या फार आधीपासून दिलेलं नाही.

आगीत गवत का जगतं, हे खाली बसून पाहिलं की कळतं. झाडाच्या रोपाचा कोंब शेंड्याला असतो; शेंडा जळला की वर्षाची कमाई गेली. गवताचा कोंब जमिनीलगत, ठोंबाच्या पोटात. वर दोन फूट काड्या जळून राख झाल्या तरी ठोंबाला पत्ता नसतो. मेंढरं वरचं खातात, त्यालाही हाच जबाब. उलट जुन्या वाळल्या काड्या निघून गेल्या की नव्या पात्याला ऊन मिळतं. आता, म्हणून दरवर्षी डोंगर पेटवावेत असं मी म्हणत नाही. काही वर्षांनी एकदा लागणारी आग वेगळी आणि दर फाल्गुनात सवयीनं ओढलेली काडी वेगळी.

या गवताला भीती आहे ती एकाच गोष्टीची, सावलीची. इथे गोष्ट थेट आपल्या ताटात येते. झाडं आणि गवतं हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतात तो रुबिस्को नावाच्या विकरानं. हा कामगार फार जुना आणि थोडा वेंधळा आहे. कडक उन्हात कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरून बसतो आणि केलेली मेहनत वाया घालवतो. काही वनस्पतींनी त्यावर तोड काढली. पानात दोन खोल्या केल्या. बाहेरच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड गोळा करायचा, तो आतल्या खोलीत कोंबायचा आणि रुबिस्कोला तिथे बसवायचं, म्हणजे त्याची चूक व्हायला वावच राहत नाही. याला सी-४ पद्धत म्हणतात. या पंपाला जास्त ऊर्जा लागते, म्हणून लख्ख ऊन हवं. सावलीत तो परवडत नाही. जगातल्या वनस्पतींच्या जेमतेम ३ टक्के जाती या पद्धतीच्या, पण जमिनीवर वर्षभरात जेवढी हिरवाई तयार होते तिच्यातला चौथ्या हिश्शाच्या आसपासचा वाटा त्यांचा. कुसळी सी-४. पवन्या, मारवेल सी-४. आणि ज्वारी, बाजरी, मका, ऊस हेही सी-४. भात आणि गहू मात्र नाहीत. देशावरची भाकरी ही माळाची सख्खी बहीण आहे.

सी-४ वनस्पतींच्या अंगात जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३ चं, प्रमाण इतरांपेक्षा थोडं जास्त असतं. ते गवत कुजून मातीत जातं, मातीतल्या चुनखडीत ती खूण उमटते. ते खाणाऱ्या जनावराच्या दातातही उमटते. जे क्वेड, थ्युर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी उत्तर पाकिस्तानातल्या शिवालिक थरांमधली प्राचीन माती तपासली आणि १९८९ साली लिहिलं, की सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी ही खूण झपाट्यानं बदलली. झाडझाडोरा हटला, सी-४ गवतं पसरली. तेव्हा कुऱ्हाड नव्हती. कुऱ्हाड धरणारा हातच नव्हता.

हे कळल्यावर सातबाऱ्याचा उतारा हातात घेतला की जरा वेगळंच वाटतं. गट नंबरातला लागवडीखाली न येणारा तुकडा तिथे ‘पोटखराबा’ म्हणून लिहिलेला असतो. मुरूम, खडक, माळ, जे नांगराला दाद देत नाही ते खराब. महसुलाच्या वहीत हे समजू शकतं. वहीचा प्रश्न एवढाच, की सारा किती बसवायचा. पण पुढे ही वही निसर्ग ओळखण्याची वही होऊन बसली. इंग्रजांच्या काळात सारा न देणारी जमीन ‘वेस्टलँड’ ठरली, आणि स्वतंत्र भारतानंही देशाचे पडीक जमिनींचे नकाशासंग्रह काढले, त्यांत गवताळ आणि झुडपी प्रदेश मोठ्या प्रमाणावर बसले. वनखात्याच्या वर्गीकरणाची गत फार निराळी नाही. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये केलेलं भारतीय वनप्रकारांचं वर्गीकरण आजही वापरात आहे. त्यात कोरड्या गवताळ रानाचा सांकेतिक क्रमांक आहे ५/डीएस-४. डीएस म्हणजे डिग्रेडेशन स्टेज, ऱ्हासाचा टप्पा. म्हणजे हे मुळात जंगल होतं, कुणीतरी बिघडवलं, असं नावातच गृहीत. आणि जगाचा नकाशा? २००१ साली डेव्हिड ओल्सन आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीचे १४ बायोम आणि ८६७ परिसंस्था-प्रदेश (इकोरीजन) आखले. त्या नकाशात भारतातली उष्ण प्रदेशीय सॅव्हाना म्हणून दाखवलेली जागा एकच, हिमालयाच्या पायथ्याची तराई-दुआर. दख्खनचं पठार काटेरी रान आणि पानझडी वनं यांच्या रंगात रंगवलेलं. माणूस बायोमवर परिणाम करतो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड, जेसीबी, धुराडी येतात. नकाशातला एक रंग आणि उताऱ्यातला एक शब्द त्यांच्या आधी पोचलेला असतो.

शिवालिकची माती म्हणजे दख्खनची माती नव्हे, असं कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. इथे एक सुंदर गोष्ट घडली. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनी पुरावा शोधायला फावडं घेतलं नाही, जुनं मराठी साहित्य घेतलं. तेराव्या शतकापर्यंत मागे जाणारे ग्रंथ, आख्यानं, ओव्या, लोककथा. त्यांत पश्चिम महाराष्ट्रातल्या जागांची वर्णनं आणि झाडांची नावं कुठे येतात ते टिपलं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ४४ रानटी वनस्पतींची नोंद आहे, आणि त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश उघड्यावरच्या, सॅव्हानातल्या आहेत. घनदाट जंगलातल्या अगदी मोजक्या. एखाद्या जुन्या कथेत हिवर आला, तर तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचत होतं हे त्या झाडानंच सांगून टाकलं. कवीला किंवा ओवी म्हणणाऱ्या बाईला आपण पर्यावरणाची साक्ष देतोय हे ठाऊक नव्हतं, म्हणून तर ती साक्ष भरवशाची.

आणि ही साक्ष प्रामुख्यानं गुराख्या-मेंढपाळांच्या दुनियेतली आहे. गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक वर्षानुवर्षं धनगरांमध्ये फिरला, बिरोबा-खंडोबाच्या ओव्या त्यानं टिपल्या. खंडोबाच्या दोन बायका: म्हाळसा वाण्याची, घरातली, बाणाई धनगराची, रानातली. वस्ती आणि माळ यांचं नातं एवढ्या थोडक्यात कुणी समाजशास्त्रज्ञ मांडू शकणार नाही. जेजुरीला जाणारे आपण सगळे बाणाईच्या पाया पडतो. तिचं माहेर मात्र आपल्या लेखी पडीक.

माणूस नसलेला, सोवळ्यातला माळ शोधायला गेलात तर मिळणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. शिरूरजवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं केलेल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती सापडली. पाऊस रुसला तसे तिथले लोक मेंढ्या-शेळ्यांवर जास्त विसंबू लागले, असं पुरातत्त्वज्ञ ढवळीकर यांनी मांडलं. अर्ल एलिस आणि नवीन रामनकुट्टी यांनी २००८ मध्ये माणसानं घडवलेल्या बायोमचा वेगळा नकाशाच केला: भातशेतीचा प्रदेश, चराऊ प्रदेश, दाट वस्त्या. एलिस आणि सहकाऱ्यांनी पुढे दाखवलं, की १२ हजार वर्षांपूर्वीसुद्धा पृथ्वीच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश जमिनीवर माणसाचा वावर होता. मेंढरांचा वाडा माळावरून जातो, चरतो, लेंड्या टाकतो, पुढे सरकतो. पावसाळा सरला की फलटण-माणकडचे धनगर कोकणात उतरतात, भात काढलेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात, आणि पावसाळ्याच्या आधी परत फिरतात. मागे लांडगा असतोच. तो कोकरू नेतो, शिव्या खातो, आणि तरी पुढच्या वर्षी दोघेही पुन्हा त्याच माळावर असतात. हा परिणामच, पण माळ पचवू शकतो असा.

माळाला पचत नाही तो नांगर आणि, ऐकायला विचित्र वाटेल, झाड.

सोलापूरजवळ नान्नजला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बी. एस. कुलकर्णी यांनी माळढोकाकडे लोकांचं लक्ष वेधलं. उडणाऱ्या पक्ष्यांमधला हा एक सर्वांत वजनदार पक्षी. नर १२-१५ किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते. तिचं संरक्षण म्हणजे लांबवर पोचणारी नजर. १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, तालुक्याची ठिकाणं आली, लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, आणि शेवटी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. इतकं करून माळाचं काय केलं? अनेक गवताळ पट्ट्यांत ग्लिरिसिडिया लावला. वनांचं खातं म्हटल्यावर झाडं लावणारच! झाडाच्या आडोशानं माळढोकाला फायदा नाही. फायदा कावळ्याला, घारीला, दबा धरणाऱ्याला. वर ऊस आला, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरची तार त्याला उशिरा दिसते. आज देशभरात मिळून रानात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, बहुतेक सगळे राजस्थानात.

नान्नज हा काही अपवाद नाही. महाराष्ट्रानं २०१९ मध्ये एका मोहिमेत ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. एवढ्या झाडांना जागा कुठून आणणार? जिथे झाडं नाहीत तिथून. जगातही तेच. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये झुरिकच्या एका गटानं लिहिलं, की पृथ्वीवर आणखी ९० कोटी हेक्टर झाडोऱ्याला जागा आहे, त्यावर जोसेफ व्हेल्डमन आणि चाळीसहून अधिक शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं, की यात गवताळ प्रदेश धरलेत आणि कार्बनचा आकडा पाचपट फुगलाय. आफ्रिकेत १० कोटी हेक्टरांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा आहे. केट पार आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, तर जाहीर झालेल्या जमिनीतली जवळपास निम्मी मुळात जंगलाची नव्हतीच. गवताचा कार्बन मुळांत आणि मातीत असतो. खड्डे आणि चर खणताना पहिला धक्का त्यालाच बसतो, आणि पुढे सावली पडली की सी-४ गवत विझतं.

बरं, चूक कळली म्हणून झाडं काढली, नांगर थांबवला, तर माळ परत येईल? हिरवं काहीतरी लगेच येतं. पण नेर्लेकर आणि व्हेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरचे अभ्यास पडताळून पाहिले, तेव्हा जुन्या गवताळ प्रदेशातली मूळ विविधता भरून यायला किमान शतक, आणि अनेकदा त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो असं दिसलं. कारण माळाचं खरं भांडवल जमिनीखाली आहे: जुने ठोंब, कंद, गड्डे. पहिल्या पावसानंतर खडकाच्या फटीतून एखादी खरपुडी डोकं वर काढते, कंदिलासारखं फूल दाखवते आणि पुन्हा वर्षभर आपल्या कंदात जाऊन बसते. तो कंद रोपवाटिकेत पिशवीत मिळत नाही.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य ५ चौरस किलोमीटरचं, रेहेकुरी सव्वादोनचं. राखीव माळ म्हणून दाखवायला आपल्याकडे असे रुमालाएवढे तुकडे आहेत. बाकीचा माळ गावाच्या गायरानात आहे, वनखात्याच्या रिकाम्या समजल्या गेलेल्या जागेत आहे, कुणाच्या तरी उताऱ्यावरच्या पोटखराब्यात आहे.

जुलैत वृक्षारोपणाला बोलावणं येईल. जा, पण खड्डा घेण्याआधी खाली बसून एकदा बघा, तिथे कुसळी, पवन्या, मारवेल आहे का. असेल, तर रोप गावातल्या रस्त्याच्या कडेला लावा. आणि दिवाळीनंतर त्याच माळावर चक्कर मारून या. मोज्यात अडकलेली कुसळं सगळी फेकू नका; एक ठेवा आणि घरातल्या पोरांना बशीभर पाणी घेऊन बोलवा.